तिच्या नावाचं पार्सल

चौक गावच्या मराठी शाळेत मी दुय्यम मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनची लढाई संपून पाचेक वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. हलणार कसा? दोष माझ्यात होता. बायकोजवळ गेलो की माझ्याच्यानं काही होत नसे. हे वाक्य लिहिताना आज म्हातारपणीही मी दोनदा टाक दौतीत बुडवला आणि दोनदा तसाच बाजूला ठेवला. घरात हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तिला. आई मात्र रोज तिलाच वांझोटी म्हणायची. दसऱ्यापर्यंत काही दिसलं नाही तर हिला माहेरी धाडायची आणि दुसरी सून आणायची, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

टपालाचं काम शाळेच्या ओसरीवरच चाले. हेडमास्तर हेच पोस्टमास्तर. थैला यायच्या वेळी गावातले रिकामटेकडे तिथं जमत आणि साप्ताहिकातल्या जाहिराती मोठ्यानं वाचत. गेलेली मर्दानगी परत आणून देणाऱ्या गोळ्यांची जाहिरात निघाली की हशा पिकायचा. ‘काय रं, तुला मागवू का डबी?’ कोणी विचारायचा. ‘तुज्या बाला दे,’ दुसरा म्हणायचा. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्याच गोळ्या मला हव्या होत्या. पण हेडमास्तरांना पार्सलावरचं नाव खणखणीत आवाजात पुकारायची सवय. मागाहून पाठवणाऱ्या औषधालयाचंही नाव वाचायचे. ते सारं आपल्या नावाला चिकटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. म्हणून मी पार्सल बायकोच्या नावानं मागवलं. बाईमाणसाच्या औषधाला कोणी हसत नाही. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे. चार वर्षांत मी ते लग्नातल्या घासाच्या वेळी एकदाच घेतलं होतं. दुसऱ्यांदा काढलं ते या कामासाठी.

‘घरी बरं नाही का?’ पहिलं पार्सल आलं तेव्हा हेडमास्तरांनी मला विचारलं.

‘जरा अशक्तपणा आहे.’

‘या गावात बायकाच फार अशक्त दिसतात हो,’ ते म्हणाले. ‘या महिन्यातलं हे चौथं.’

ते थट्टा करत होते की भाबडेपणानं बोलत होते, मला आजवर उलगडलेलं नाही. उरलेली तीन पार्सलं कोणाची, याचा मी विचार करू लागलो. ओसरीवर हसणारे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढं आले. त्यांच्याही डोळ्यांपुढं माझा आला असणार.

जिच्या नावाचं पार्सल तिचाच अंगठा लागे. तिच्या नावावर एकामागून एक तीन पार्सलं आली आणि तिन्ही वेळा ती पदर पुढं ओढून त्या सगळ्या पुरुषांमधून शाळेत गेली. पहिल्या वेळी तिनं पार्सल माझ्यापुढं ठेवलं.

‘अवो, हे कसलं?’

‘औषध.’

‘कुनाला?’

मी पुस्तकात डोकं घातलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. गोळी दुधाबरोबर घ्यायची असते हे मात्र तिनं बघून ठेवलं आणि रोज न सांगता दूध कोमट करून देऊ लागली. त्या गोळ्यांनी माझ्या छातीत जळजळ तेवढी झाली.

विहिरीवर आईला कोणीतरी म्हणालं, ‘तुमच्या सुनेला कायतरी दुकनं हाय म्हनं. पार्सलावर पार्सलं येतात.’ आईला तेवढंच निमित्त हवं होतं. दसऱ्याची वाट न बघता तिनं शेलूला व्याह्यांकडं निरोप धाडला. बिचाऱ्याला वाटलं, पोरीला दिवस गेले म्हणूनच बोलावलं. तो वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन हसत हसत आला.

माझे वडील हयात नव्हते, म्हणून चुलते बोलायला बसले.

‘दुकनेकरी पोर आमच्या गल्यात बांदलीत तुमी.’

‘नाय वो! माजी पोर ठनठनीत हाय.’

‘मंग औशदं कुनाच्या नावानं येतात? इचारा तिलाच.’

म्हातारा दाराकडं वळला. ती उंबऱ्याआड उभी होती.

‘काय गं, खरं हाय?’

‘खरं हाय.’

‘कुनी मागवली?’

ती लगेच बोलली नाही. त्या मधल्या वेळात मी एक शब्द उच्चारला असता तर ती या घरात राहिली असती. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

‘मी मागवली,’ ती म्हणाली.

तिला अक्षर लिहिता येत नव्हतं. हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. मग पत्र कोणी लिहिलं, असं एकानंही विचारलं नाही. चुलत्यांनी नाही, आईनं नाही, तिच्या बापानंही नाही. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि माझ्यासमोर वाकला. ‘जावईबापू, आमची चूक झाली. मापी करा.’ माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी त्याची माफी ऐकून घेतली.

ती लुगडी बांधत होती तिथं मी गेलो. ‘तू असं का सांगितलंस?’

‘तुमी बोलाल म्हनून जरा थांबले हुते,’ ती म्हणाली. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, ‘आता दुसरी येल. तिला तरी आदी सांगा.’

काडीमोड झाली. पुढं तिच्या बापानं तिचा पाट लावून दिला आणि तिला लागोपाठ दोन मुलगे झाले. ते ऐकून आई म्हणाली, ‘औशद लागू पडलं म्हनायचं.’ मला हसू आलं नाही आणि रडायचा हक्क मी केव्हाच घालवला होता.

दुसरी आली. तिला मी आधी सांगितलं नाही. लग्न झाल्यावर सांगायची गरजच उरली नाही, तिचं तिलाच कळलं. कळूनही ती बाहेर कधी अवाक्षर बोलली नाही, आणि माझ्यासारखा माणूस असल्या बायकोला गुणी म्हणतो. तीन वर्षांनी आईनं आम्हां दोघांना देवीला कौल लावायला नेलं. गुरवानं कौल लावण्याआधी विचारलं, ‘खोट कुनात हाय?’

‘माज्यात हाय,’ ती म्हणाली.

मी तिच्या शेजारीच हात जोडून उभा होतो.