ताट की ग्लास?

चार सिस्टर्स खो-खो हसताना दिसल्या की लोक गोंधळतात. अहो, एका छपराखाली मौन पाळायला लावलं की किस्से साचणारच! बोलायची सोय नाही, म्हणून जास्तच साचतात.

मी मालाडची लूसी. सिस्टर, म्हणजे नन, व्हायचं म्हणून मरोळच्या नॉव्हिशिएटमध्ये दाखल झाले. तिथे आम्हा नव्या मुलींना दोन वर्षं तयार करत. शेवटी व्रतं घेऊन सिस्टर होणार की घरी पाठवणी, हे आमच्या शिक्षिका सिस्टर बेनेडिक्टांच्या हाती. मला मनापासून तिथेच राहायचं होतं. पण मी पडले एक नंबरची धांदरट!

*

घंटा वाजली की हातातलं काम तिथेच सोडायचं. घंटा म्हणजे देवाची हाक! पहिल्याच आठवड्यात मी बोंबील तळत होते. घंटा वाजली, मी धावत चॅपलमध्ये प्रार्थनेला. पाच मिनिटांत धूरही मागोमाग आला.

सिस्टर म्हणाल्या, "हाक देवाची आहे गं, पण गॅस आपणच बंद करायचा असतो!"

*

जेवताना मौन. काय हवं ते खुणेने मागायचं. एकदा सिस्टरांच्या आमटीत मला झुरळ दिसलं. मी वाटीकडे बोट दाखवलं, हातवारे केले, मिशासुद्धा करून दाखवल्या! त्यांना वाटलं, पोरीला आमटी हवीय. प्रेमाने स्वतःची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"सिस्टर, झुरळ!" मी किंचाळले. मौनाची वाट लागली.

"अगं, एवढं बोलायला परवानगी होती की!"

*

महिन्यातून एका रविवारी घरचे भेटायला येत. आई आमची वेंगुर्ल्याची. तिने मला जिना पुसताना पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं, आता घरी नेते.

ती थेट सिस्टरांकडे गेली. "लूसीन घरात कधी ताट उचलूक नाय! सिस्टर, धाकटीक पण म्हयनोभर ठेवन घेवा!"

*

काही फुटलं की तुकडा घेऊन सिस्टरांसमोर गुडघे टेकायचे आणि माफी मागायची. माझ्या फेऱ्या इतक्या वाढल्या की मी दारात दिसले की त्या मान वर न करताच विचारत, "ताट की ग्लास?"

सिस्टरांकडून फुटलं तर त्यांनी त्यांच्या वरच्या मदर सुपीरियरकडे माफीला जायचं. पण त्यांच्या हातून कधी काही फुटतच नसे!

*

दोन वर्षं संपत आली. व्रतांसाठी अर्ज दिले. होकार मिळेल तिला नव्या झग्याचं माप द्यायला शिंपीणबाईंकडे पाठवत. माझ्याबरोबरच्या दोघींची मापं झाली. मला बोलावणंच नाही!

त्याच दुपारी मी सिस्टरांच्या ऑफिसात धूळ पुसत होते. त्यांचा लाडका कप उचलला, तर कान तेवढा हातात आला. आणि दारात सिस्टर!

मी गुडघ्यांवर. "सिस्टर, तुमचा कप..." मला रडूच फुटलं. "आता घरी पाठवणार ना मला?"

त्यांनी तो तुटका कान हातात घेतला. बाहेर कोणी नाही ना, ते बघितलं आणि दार लोटलं.

"सकाळी माझ्याच हातून तुटला गं," त्या हळूच म्हणाल्या. "मीच चिकटवून ठेवला होता."

मी डोळे पुसले.

"ऊठ आता. शिंपीणबाई तुझ्यासाठीच थांबल्यात, माप देऊन ये. आणि मदरना यातलं काही बोलू नकोस!"