न लिहिलेल्या पोस्टची शिफारस

आधीच सांगतो, भूतखेत, संकेत, पूर्वसूचना असलं काही माझ्यासमोर कुणी काढलं की माझं डोकं फिरतं. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे खालचं वाचून "सर, तुम्हीसुद्धा?" असं लिहायला येणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा शोधावा.

आमचा मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांचा एक ऑनलाइन समूह आहे. त्यावर नऊ वर्षं मी 'रविवारची शिफारस' चालवत होतो. दर रविवारी सकाळी दहाला चार पोस्टी. प्रत्येकीखाली तिच्यातलंच एक वाक्य आणि पुढे माझे ठरलेले शब्द — 'हे चुकवू नका'. सदराच्या माथ्यावर नियम ठळक अक्षरात होता : शेवटपर्यंत वाचल्याशिवाय शिफारस नाही.

आता खरं सांगतो. बऱ्याच पोस्टी मी वाचायचो नाही. ओळखीतला असला की मधलं एखादं बरं वाक्य उचलायचं, झालं काम. कुणाला कळणार होतं?

कळलं. सुवर्णाला. (नाव बदललंय.) रहिमतपूरला एसटी स्टँडजवळ हिचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान. लिहायची बरी, पण जीभ कात्रीसारखी. तीन वर्षांपूर्वी एका शिफारशीखाली हिने सगळ्यांसमोर लिहिलं — "सर, तुम्ही ही पोस्ट वाचलेली नाही. तुम्ही दिलेलं वाक्य लेखिकेनं पुढच्याच परिच्छेदात खोडून काढलंय." दीडशे लोकांनी हसरे चेहरे टाकले. त्या दिवसापासून सुवर्णाचं नाव माझ्या यादीत आलं नाही. कोतेपणा म्हणा. होताच.

मागच्या वर्षी, ऐन लग्नसराईत, एका रविवारी यादीत चारऐवजी पाच पोस्टी दिसल्या. पाचवी : सुवर्णा, 'उसवण'. लिंक नाही. खाली वाक्य — "सोयरीक मोडली, पण फॉल लावलेली साडी दुकानदार परत घेत नाही, म्हणून धाकटीच्या अकरा साड्यांचे फॉल मीच उसवले." पुढे, हे चुकवू नका.

मी ते टाकलेलं नव्हतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने माझं खातं फोडलं, दुसरं काय? तिथेच जाहीर लिहिलं — "शिफारस मागून मिळत नाही म्हणून आता चोरायची वेळ आली का?" लोकही तुटून पडले तिच्यावर. मला बरं वाटलं, हेही सांगतो.

तासाभरात तिचा फोन.

"आवं सर, काढा ते आदी! कुणी सांगितलं तुमाला?"

"नाटकं नकोत. तुम्हीच टाकलंत."

"मी कशापायी टाकू? धाकट्या भनीचं लगीन दोन आठवड्यावर आलंय. पयली सोयरीक मोडल्याली नवऱ्याच्या घरात ठावं हाय, त्यांच्या भावकीत न्हाई. आन् असली पोस्ट मी लिवलीच न्हाई!"

फोन आपटला तिने. मी ओळ काढली, पासवर्ड बदलला, मदतीला असलेल्या दोघांचे अधिकार काढून घेतले. आता चावी माझ्या एकट्याकडे होती.

पुढच्या रविवारी पाचवी पोस्ट पुन्हा हजर. या वेळी दुसरं वाक्य — "टाके निघाले, पण सुईची भोकं राहिली, ती मी नखानं घासून बुजवली."

ते पुसलं आणि तडक गाडी काढली. तिला पुराव्यासकट पकडायचं, एवढंच डोक्यात होतं. दुपारी दोनला तिच्या दुकानात उभा राहिलो. तिने बसा म्हटलं नाही. फोनच माझ्या हातात कोंबला. ड्राफ्ट्समध्ये काही नव्हतं, वहीत काही नव्हतं. मग तिने एक फॉल लावलेली साडी पुढ्यात ओढली, चार टाके उसवले आणि उरलेल्या भोकांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. भोकं गेली.

"आसं केलं हुतं मी," ती म्हणाली. "दार लावून. धाकटीला बी म्हाईत न्हाई. बगून गेला हुता का तुमी?"

"तोंड सांभाळून बोला."

"मंग बंद करा तुमचं ते सदर! पुढल्या वाक्यात त्या पयल्या सोयरिकीच्या गावाचं नाव आलं तर? पुढल्या रविवारीच लगीन हाय."

नऊ वर्षांचं सदर एका फॉल-पिकोवालीच्या सांगण्यावरून बंद करू? मी सरळ नाही म्हटलं.

ती हसली. वाईट हसली. "तुमी तर शेवटपतूर वाचल्याबिगर शिफारस करत न्हाई नव्हं? मंग सांगा की, पुढं काय लिवलंय त्यात?"

'मला काय माहीत' असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून त्या गावाचं नाव गेलं.

ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. पण पाठ असलेल्या ओळीसारखं आलं... मागचं-पुढचं वाक्य धरून. सुवर्णाच्या हातातली कात्री खाली पडली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "जावा आता."

त्याच संध्याकाळी मी सदर बंद केलं. नुसतं थांबवलं नाही, पानच काढून टाकलं. कारण विचारणाऱ्यांवर खेकसलो. पुढच्या रविवारी दहा वाजता फोन हातात धरून बसलो होतो. काही आलं नाही. लग्न नीट पार पडलं, असं दुसऱ्याकडून कळलं. सुवर्णाने तोवर समूह सोडला होता. तिच्यावर केलेला चोरीचा आरोप मी जाहीर मागे घेतला, त्यावर कुणी एक शब्द लिहिला नाही.

हे इथे लिहू का, म्हणून तिला मेसेज केला. उत्तर आलं — "भावकीत आता समद्यांना ठावं झालंय. लिवा. त्या सोयरिकीच्या गावाचं नाव तेवढं टाकू नका. आन् या खेपेला टाकायच्या आदी शेवटपतूर वाचा."

खातं कुणी फोडलं म्हणावं, तर जे लिहिलंच नाही ते त्याला कुठून मिळालं? मीच झोपेत टाकलं म्हणावं, तर मला तरी कुठून? वर्षभर डोकं फोडतोय, उत्तर नाही.

ती पोस्ट सुवर्णाने लिहिली नाही आणि लिहिणार नाही. मला मात्र ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पाठ आहे. नऊ वर्षांत इतकं चांगलं काही मी वाचलं नाही. शेवट तर असा आहे, की जिची सोयरीक मोडली ती धाकटीसुद्धा वाचून हसली असती. हे मी सुवर्णाला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लिखाणाला बरं म्हणायची सवयच कधी लावून घेतली नाही मी.