भाकरीच्या पिठाचं माप

कट्टा गावच्या बाजारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला बाबलकाकांचं टायरचं दुकान लागायचं. सगळ्या जिल्ह्यात गाडी रिकामी आणली म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारा हा एकच दुकानदार. "घरची माणसां खंय आसत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माणसं नसतील तर काका पुन्हा विडी पेटवायचे आणि आपण तिथे नसल्यासारखे रस्त्याकडे बघत बसायचे.

त्या सुमारास आमच्याकडच्या पोरांना गाडीला रुंद टायर आणि चकचकीत अलॉय लावायचं वेड लागलं होतं. गोव्याहून कुणीतरी चाकं आणायचा आणि ती गाडीला बसतील का, हे विचारायला काकांकडे जायचा. काका पंक्चर काढण्यात आयुष्य घालवलेले, पण ऑफसेट हा शब्द त्यांनी असा आपलासा केला होता की तो मूळचा मालवणीच वाटावा. रिमचा मध्य आणि चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. हे मला पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं. काकांनी यष्टीच्या बाकड्यावर समजावलं. "शेजाऱ्याच्या मांडयेर बसाचा नाय, आणि भायर लोंबकळाचाय नाय. चाकाचाय तसाच."

त्यांचं मापही जगावेगळं होतं. काकी सकाळी भाकऱ्या थापायला बसल्या की तांदळाच्या पिठाचे दोन गोळे काकांसाठी बाजूला निघायचे. हा माणूस धड जेवत नाही आणि माझं पीठ मात्र रोज नेतो, असं काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. काका चाकाच्या वर, पत्र्याच्या आतल्या कडेला एकेक गोळा चिकटवायचे. मग गाडीत माणसं ठासून भरायची, ओढ्यावरच्या मोरीपर्यंतच्या खड्ड्यांतून न्यायची, दोन्हीकडे स्टेअरिंग पूर्ण वळवायचं आणि परत आणायची. गोळा बोटभर उरला तर चाक पत्र्याला घासत नाही, म्हणजे पास. पापड झाला तर नापास. माणसं कमी पडली तर काका यष्टीच्या थांब्यावर जाऊन मासळीवाल्या बायकांना बोलावून आणायचे. त्या टोपल्यांसकट बसायच्या आणि एकदा बसल्या की घरी सोडल्याशिवाय उतरायच्या नाहीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे एक जुनी लाल गाडी होती. बायकोला तळेऱ्याहून या गाडीतून आणायचं, आणि तेही नव्या चाकांवर, एवढीच माझी हौस. मी मडगावहून चार अलॉय आणली. ऑफसेट पाच मिलिमीटरने कमी, म्हणजे चाक तेवढंच बाहेर येणार. विकणारा म्हणाला होता, डोळे झाकून बसवा. काकांनी मात्र डोळे झाकले नाहीत. वडील, दोन चुलतभाऊ आणि आत्या यांना घेऊन मी गेलो. आई गेल्यापासून आत्यानेच मला वाढवलेलं. आत्या अंगाने भक्कम आणि मनाने हळवी. ती मागे डावीकडे बसली.

मोरीपर्यंत जाऊन आलो. काकींनी आग्रहाने सगळ्यांना चहाला आत बोलावलं. चहा संपवून काका बाहेर आले आणि वाकले. उजवीकडचा गोळा शाबूत होता. डावीकडे पिठाचा नुसता पांढरा ओरखडा. काकांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे.

"डाव्या अंगाक वजन जास्त पडता. ह्या चाक बसाचा नाय."

एवढंच बोलले, पण आत्याला ते पुरेसं होतं. घरी आल्यावर तिने जाहीर केलं की लग्नाला ती वऱ्हाडाच्या बसने येईल, नवरा-नवरीच्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. माझ्या वजनापायी पोराची हौस गेली, असं म्हणून ती पदराने डोळे पुसत राहिली. चाकांचं मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण आत्या शेजारी नसताना मी लग्नाला निघायचं, हे मला सहनच होईना. मी विनवलं, वडील रागावले. ती ढिम्म. चाकं गोणपाटात बांधून माळ्यावर गेली. बाबलकाकांचं नाव घरात काढायची सोय राहिली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडवाची गडबड चालली होती, तेव्हा पहिल्या यष्टीने बाबलकाका उतरले. खांद्यावर जॅक, हातात पंच्याची पुरचुंडी. मी काही विचारायच्या आत ते सरळ आत्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाय, तुमचा वजन चुकाक नाय. माझी नजर चुकली. ता पीठ चाकान खाऊक नाय, आमच्या कोंबयेन खाल्ल्यान."

झालं होतं असं की त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच एका गाडीची चाचणी झाली, काका चहाला आत गेले आणि काहीतरी विसरलं म्हणून लगेच मागे फिरले. बघतात तर काकींची तांबडी कोंबडी चाकाखाली मान घालून निवांत माप खात होती. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रात्रभर त्यांना झोप आली नाही, असं काकी मागाहून म्हणाल्या.

पुरचुंडीतून दोन गोळे निघाले. चाकं माळ्यावरून आली. काकांनी आत्याला हात जोडून पुन्हा डावीकडेच बसवलं, आणि वर मांडव घालणारे दोघे एकमेकांच्या मांडीवर कोंबले. गाडी वेशीपर्यंत जाऊन आली. यावेळी काका आत्याला घेऊनच वाकले. गोळा बोटभर जाड होता. आत्याने स्वतः बोट लावून पाहिलं आणि मग हसली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून तळेऱ्याला आली. येताना नवरीला जागा देऊन पुन्हा डावीकडे.

मी काकांना एकदा विचारलं, की गप्प राहिला असता तर कुणाला काय समजणार होतं? विडीची राख झाडत ते म्हणाले, "कोणाक कळाचा नाय. पण माका कळला ना." काकी कोंबडीचं कालवण करायला निघाल्या होत्या, तेही त्यांनी होऊ दिलं नाही. तिची काय चूक, राखण आपण करायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. कट्ट्यातली पोरं मात्र त्यांना सोडायची नाहीत. गाडी चाचणीहून परत आली की आधी विचारायची, "काका, कोंबी खंय आसा?" काकाही गंभीरपणे उठून खुराड्याची कडी बघून यायचे.

मी सरकारी कार्यालयात नोकरीला. आमच्याकडे चुकीला अनवधान म्हणतात आणि फाइल पुढे सरकवतात. एकदा एका म्हातारीचा अर्ज मी चुकून नामंजूर केला. लक्षात आल्यावर दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन माझी चूक झाली म्हणालो. हे काकांना सांगितलं, तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की रिकाम्या गाडीने गेलास का, की चारचौघांसमोर चूक कबूल केलीस?

पुढे काका फार आजारी पडले. कुडाळच्या दवाखान्यात न्यायला त्यांच्या मुलाने मला फोन केला. काकांना मागे डावीकडे बसवलं, काकी त्यांना धरून, मुलगा आणि दोन शेजारी. गाडी पूर्ण भरली. सगळे हवालदिल. मोरीवरच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि काकांनी मान खिडकीकडे कलती केली. मला वाटलं त्यांना त्रास होतोय. मी गाडी हळू केली.

"घासणा नाय," ते पुटपुटले आणि डोळे मिटून घेतले.

काका त्या वाटेने परत आले नाहीत. ती लाल गाडी आता पार खिळखिळी झाली, पण मी विकलेली नाही. घरचे सगळे बसलेले असले की मोरीपाशी मी अजूनही काच खाली करतो आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगतो. आत्याला कारण माहीत आहे. ती डावीकडे बसलेली असते आणि माझ्याआधी तीच कान देते.