उणे चिन्ह डावीकडे असतं

बाबांनी दहिवलीच्या घरी वर्षानुवर्षं गणिताची शिकवणी घेतली. फळ्यापेक्षा त्यांचा जीव दोरीवर. कपडे वाळत घालायची दोरी खोलीत आडवी बांधायची, मधोमध शून्याचं कार्ड चिमट्याने अडकवायचं आणि बाकीची कार्डं, उणे तीन, एक, पाऊण, पोरांनी लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची. कोणी उणे तीन हे उणे दोनच्या पुढे नेलं की बाबा म्हणायचे, "शून्याच्या डावीकडं मोठेपणा मिरवायचा नाय रं. तिकडं आकडा फुगला की तू लहान."

यंदा त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय बरेचसे वाचले, बोलणंही वाचलं. गेली ती डावी बाजू. डोळे शाबूत आहेत, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताटातली भाजी-आमटी चाटूनपुसून संपायची, डावीकडची चटणी तशीच. वर टोमणा, "या घरात चटणी वाढायची बंद झाली वाटतं."

घरच्यांनी मुद्दाम डावीकडेच बसावं, तिकडूनच बोलावं, म्हणजे मान वळायची सवय लागेल, असंही डॉक्टर म्हणाले. आईने ते व्रतासारखं धरलं. तिची खुर्ची कायम डावीकडे. मला असला आज्ञाधारकपणा सोसत नाही, मी तिच्याशी भांडले. ती हलली नाही.

बाबांनी मात्र हट्ट धरला, "मला काय धाड भरलीय? सोमवारपासून पोरं बोलाव."

"आधी दोरी लावून दाखवा," मी म्हटलं. आणि त्यांना जमावं म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घातले. पोरं परत आली असती तर बाबा परत आले, असंच मी धरून चालले होते.

खाटेसमोर दोरी ताणली. उजवं टोक खिडकीच्या गजाला बांधलं, डावं आईने हातात धरलं. शून्य मी लावलं. बाबांनी पाऊण उचलून शून्याच्या उजवीकडे अडकवलं, त्याच्या पुढे एकचं. मला हायसं वाटलं. मग त्यांनी उणे दोनचं कार्ड घेतलं, "दोन" वाचलं आणि एकच्या पुढे लावलं. उणे तीन त्याच्याही पुढे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उणे चिन्ह आकड्याच्या डावीकडे असतं. शून्य दशांश पंचवीस हे त्यांना नुसतं पंचवीस दिसलं, ते थेट गजापाशी गेलं.

जे दिसलं ते त्यांनी अगदी बरोबर लावलं होतं. चुकले असते तर मी समजावलं असतं. आता काय सांगणार?

"बघ," ते म्हणाले. "काही उणं नाय."

"छान लावलंत," मी म्हटलं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी आई हल्ली समोर येत नाय गं. माझ्यावर रागावली का?"

आई हातभर अंतरावर बसली होती, दोरीचं टोक मुठीत घेऊन. तिच्या बाजूची दोरी पार रिकामी होती. "हाय की हो मी, इथंच," ती म्हणाली.

बाबांनी मान वळवली ती उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"मग ये ना गं बाहेर," ते म्हणाले.