प्लायखालची बुरशी

सांगलीच्या आमच्या घरात पुराचं पाणी कमरेएवढं चढलं होतं. ते ओसरल्यावर सासूबाईंच्या खोलीची फरशी बर्फासारखी गार लागायची. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून ह्यांनी एका ओळखीच्या ठेकेदाराकडून फरशीवर प्लाय टाकून घेतला आणि वर लाकडासारख्या दिसणाऱ्या चकचकीत पट्ट्या बसवल्या. सगळं दिवाळीच्या आत उरकायचं होतं. खालची फरशी वाळली की नाही, हे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

काही महिन्यांत सासूबाई खोकायला लागल्या. खोलीत कुबट वास येतो, असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. एकदा वैतागून मी म्हणाले, "आई, तुमच्या मलमाचा वास आहे तो." त्यांनी मलम लावायचं सोडलं. गुडघे जास्तच दुखायला लागले आणि वास होता तिथंच राहिला.

मग उन्हाळ्यात त्यांच्या खोलीला जोडून न्हाणीघर काढायचं ठरलं. गवंड्यानं भिंतीलगतच्या दोन पट्ट्या उचलल्या आणि नाकाला रुमाल लावून मागे सरकला. खालच्या प्लायवर काळेहिरवे ठिपके पसरले होते, मधे पांढरी लव. पहारीचं टोक लागलं तिथं प्लाय भिजक्या पुठ्ठ्यासारखा फाटला.

ठेकेदाराला बोलावलं. त्यानं दारातूनच नजर टाकली.

"आवं वहिनी, डाग हाय तो नुसता. फिनेल मारतो, वर नवा प्लाय टाकतो. कुणाला दिसायचं न्हाई."

हे मान डोलवायला लागले, तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पांढरं फडकं त्या प्लायवर घासलं आणि काळं झालेलं त्याच्यासमोर धरलं. "तुमच्या आईला आठवडाभर इथं झोपवा," मी म्हणाले, "मग फिनेल मारा."

पुराचं पाणी आपण आणलं नव्हतं, असं तो कुरकुरत राहिला. ह्यांनी मला आवाज कमी करायला सांगितलं. मग मी ह्यांच्यावरच घसरले. शेजारीण गच्चीतून बघत होती. बघू दे म्हटलं.

सगळा प्लाय निघाला. सासूबाईंना नणंदेकडे फलटणला पाठवलं आणि तीन आठवडे दारं-खिडक्या उघड्या टाकून खोली वाळवली. डॉक्टर म्हणाले, खोकला बुरशीचाच होता असं छातीठोक सांगता येणार नाही, वयही आहे. या उत्तरानं मी आणखी चिडले. फलटणला त्यांचा खोकला निम्म्यावर आला होता. नक्की कुणाला जबाबदार धरायचं, तेही कुणी सांगेना.

त्या परत आल्या तेव्हा खोलीत नवी साधी फरशी बसली होती. मी त्यांना म्हणाले, "आई, माझं चुकलं."

त्यांनी औषधांची पिशवी खाली ठेवली. "दोन वर्षांत कधी घटकाभर माझ्याजवळ बसली असतीस," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर तुलाही वास आला असता."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत त्याच ठेकेदाराचं काम चाललेलं दिसलं. दारात प्लायची थप्पी लागली होती. मी सरळ फाटक उघडून आत गेले आणि त्या घरच्या बाईंना सांगितलं, आधी खालच्या फरशीत ओल आहे का ते बघा, ती नीट वाळू द्या, तोवर ह्या माणसाला एक खिळासुद्धा ठोकू देऊ नका.