कात्रीकाकांचा मोगरा

दिवाळीचा आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच आमच्या सोसायटीत कात्रीकाका बेल वाजवायचे. हातात कात्री, खांद्यावर छाटलेलं भरायला गोणपाट, आणि बसा-उठा काही नाही, सरळ बाल्कनीत! गुलाब असे छाटायचे की मागे नुसते दांडके उरायचे. "अहो काका, जीव घेता का त्याचा?" मी ओरडायचे. "ताई, माया जरा आवरा," म्हणत ते पुढच्या फांदीला हात घालायचे.

लातूरकडचा माणूस. चाकणच्या एका कंपनीतून रिटायर होऊन पिंपळे सौदागरला आलेला. थंडीत कुणी कुंडीत जास्त पाणी ओतलं की खालूनच हाक यायची, "कशाला बुडवायलाव त्याला?" आम्ही सगळ्या जाम चिडायचो, आणि पुढे गुलाब फुलले की फोटो मात्र ग्रुपवर टाकायचो.

त्यांच्या घरी काकूंचा मोगरा होता. दर पौषात काका त्याचं पाणी तोडायचे. पानं गळून झाड पार मरगळलं की छाटायचं, शेणखत घालायचं, मग पाणी सोडायचं. तरच चैत्रात कळ्या धरतात, नाहीतर नुसता पाला. काकूंना गजऱ्याचं भारी वेड.

गेल्या थंडीत काकू अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. काकांनी त्यांचा पलंग बाल्कनीच्या दारापाशी सरकवला आणि नेहमीसारखं मोगऱ्याचं पाणी तोडलं. "एवढा एक गजरा तिच्या केसात बघायचाय, ताई," मला म्हणाले.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर काकू पलंगावरून वाकून आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी मोगऱ्याला घालत होत्या. "किती तहानलंय गं लेकरू!" मागे काका उभे. आता काकू ओरडा खाणार, असं मला वाटलं. काकांनी पेला घेतला, भरून आणला आणि परत काकूंच्या हातात दिला.

शिमग्याआधीच काकू गेल्या. आम्ही त्यांच्या केसात विकतचा गजरा माळून त्यांना निरोप दिला. चैत्रात मोगरा पाल्यानं गच्च भरला, कळी एक नाही.

यंदाही काका घरोघरचे गुलाब बोडके करून गेले. परवा दुपारी मी त्यांच्याकडे डोकावले. ऐन पौषात ते काकूंच्या पेल्यानं मोगऱ्याला पाणी घालत होते.

"काका, अशानं फुलं नाही यायची हो," मला राहवलं नाही.

"नाही आली तर नाही," ते म्हणाले. "तिला बघवत नव्हतं ना."