वैजनाथने किल्ली घेतली नाही

माझ्या डायरीत ३ ऑगस्ट २००४ला लिहिले आहे : ‘गाडीत किरकिर. कर्वे पुतळ्याजवळ, दुसरा गिअर. चिमणीच्या पिल्लासारखी.’ पुढच्या पाच आठवड्यांत अशा सत्तावीस नोंदी आहेत. वेळ, रस्ता, गिअर, पाऊस होता की नव्हता. वैजनाथ भेटेपर्यंत त्यांतली एकही नोंद कुणी वाचली नाही. मला अजून त्याचा राग आहे आणि हे मी रागानेच लिहिते आहे.

आधी माझा मुलगा शौनक. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. त्याने किल्ली घेतली, कोथरूडात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “काही नाहीये गं.” डायरी पुढे केली तर म्हणाला, “नंतर बघतो.” मग सर्व्हिस सेंटर. तिथे मला काचेच्या खोलीत मशीनची कॉफी देऊन बसवले. टायवाले गृहस्थ एकटेच गाडी फिरवून आले आणि कागदावर लिहून दिले : ‘आवाज आढळला नाही. ग्राहक ज्येष्ठ.’

“माझं वय गाडीच्या कुठल्या भागात आढळलं?” मी विचारले.

“तसं नाही मॅडम, प्रोसिजर असते.”

मग कानाचे डॉक्टर झाले. कान उत्तम निघाले. तरी शौनकने ठरवले की गाडी विकायची. “आई, तू एकाहत्तरची आहेस. उद्या ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबशील. रविवारी एक जण गाडी बघायला येतोय.” एकतीस वर्षे मी गाडी चालवते आहे. हे गेल्यावर पाच वर्षे सगळीकडे एकटी जाते, ती ह्याच गाडीने. न सापडलेल्या एका आवाजावरून मला घरात बसवायचे चालले होते.

गुरुवारी मी पौड रोडच्या आतल्या गल्लीत, वैजनाथच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. दूध केंद्रवाल्या बाईंनी नाव सांगितले होते. डायरी बॉनेटवर जवळजवळ आपटलीच. त्याने हात पुसले आणि ओळीखाली बोट धरून उभ्याउभ्या सत्तावीसच्या सत्तावीस नोंदी वाचल्या.

“ह्या टायमाला गाडी कोन चालवत होतं?”

“मीच.”

“आन् आवाज आला न्हाई तवा?”

“ते लोक.”

“मंग किल्ली मला कशाला देताय, काकू? बसा की तुमच्या जागेवर.”

त्याने डिकी रिकामी केली. किल्ल्यांचा जुडगा सोडवून एकच किल्ली ठेवली. माझ्या हातातली बांगडीसुद्धा काढायला लावली. चपला शेडमध्ये ठेवून अनवाणी मागे बसला आणि म्हणाला, “आता चांदणी चौकापर्यंत बोलायचं न्हाई.”

चौकात गाड्यांची रांग होती. तिथे बोलायची परवानगी मिळाली, म्हणून मी विचारले की हे कुठे शिकलात. तो अंबाजोगाईकडचा. चिंचवडच्या एका कारखान्यात बावीस वर्षे बंद खोलीत बसून गिअरबॉक्स ऐकायचे, चांगले एकीकडे, वाईट दुसरीकडे, एवढेच त्याचे काम. अठ्ठ्याण्णव साली ऐकायचे परदेशी मशीन आले. मशीनला काही कळेना, म्हणून तीन महिने वैजनाथनेच चांगले-वाईट गिअरबॉक्स निवडून त्याला शिकवले. चौथ्या महिन्यात वैजनाथला स्वेच्छानिवृत्ती.

“स्वेच्छा कोणाची?” मी म्हणाले.

“त्यांची. नारळ दिला, शाल दिली.”

“घेतलीत?”

“घेतली की. ग्रीस पुसाया बरी हाय.”

परतताना तो पुढे येऊन बसला. डोळे मिटलेले. पौड रोडवर किरकिर सुरू झाली. त्याने डोळे उघडले, पण बॉनेटकडे पाहिलेच नाही. माझ्या पायांकडे पाहिले.

“काकू, डावा पाय उचला.”

किरकिर थांबली.

“ठेवा.”

पुन्हा सुरू. असे तीनदा झाले.

“क्लचवर पाय ठिवून चालवायचं कुनी शिकिवलं?”

ह्यांनी. त्र्याहत्तर साली लक्ष्मी रोडच्या गर्दीत. ‘मंदाकिनी, पाय क्लचवरच असू दे.’ मी एकतीस वर्षे तो काढला नाही.

“क्लचचं बेअरिंग खाल्लंय त्या पायानं. आवाज खरा हाय. पर केला तुमीच.”

त्या क्षणी मला वैजनाथचाही राग आला. पुढच्या सिग्नलला थांबलो होतो, तो सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मी गाडी हलवली नाही.

“मशीन माझ्यापरीस बरं ऐकतंय, खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “पर त्येच्यासमोर नुसता गिअरबॉक्स ठिवत्यात. चालवनारं मानूस ठिवत न्हाईत.”

त्याने शनिवारी बेअरिंग बदलतो म्हटले. मी म्हणाले, सोमवारी. रविवारी मला तो आवाज हवा होता.

रविवारी गिऱ्हाइकाला खाली थांबवून शौनकला शेजारी बसवले, मोबाइल बंद करायला लावला आणि सोसायटीला फेरी मारली.

“ऐकू येतंय?”

“येतंय.”

मी पाय उचलला. आवाज थांबला. शौनक हसायला लागला. “म्हणजे आई, तूच—”

“हो, मीच. आवाज खरा होता आणि चूक माझी होती. दोन्ही लिहून ठेवलंय. तू पाच आठवड्यांत एकदाही मला चालवायला सांगितलं नाहीस, ते तू कुठे लिहिलंयस?”

खाली उतरून मी गाडी बघायला आलेल्या माणसाला सांगितले, गाडी विकायची नाही. शौनक मागे उभा होता. त्याने मला अडवले नाही.

सोमवारी बेअरिंग बदलून झाल्यावर वैजनाथने किल्ली माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि मागे बसला. पौड रोडला लागताच माझा डावा पाय आपोआप क्लचवर गेला.

“काकू,” मागून आवाज आला.

मी पाय खाली ठेवला.